बायल केवडा

केवड्याच्या जाळीत हात घालायचा तर बाही लांब हवी, हातात कोयती हवी आणि मनात घाई नको. यातल्या तिसऱ्या गोष्टीची माझ्याकडे कायम बोंब. त्यामुळे पहिल्याच दिवशी मी कोपरापासून मनगटापर्यंत तांबड्या रेघा ओढून घेतल्या. पात्याच्या दोन्ही कडांना काटे असतातच, शिवाय मधल्या शिरेच्या पोटाखाली काट्यांची तिसरी रांग असते. संस्कृतात केवड्याला ‘क्रकचच्छद’ असं एक नाव आहे. क्रकच म्हणजे करवत. हे नाव ठेवणाऱ्यानेही कधीतरी घाई केली असणार.

नोकरीतून मुदतीआधी मोकळी होऊन मी वेंगुर्ल्याच्या बाजूला, वडिलांच्या गावी राहायला आले, त्याला आता नऊ वर्षं होतील. घर जुनं, पुढे खळं, मागे विहीर आणि विहिरीपाशी सांडपाण्याने बारमाही ओला राहणारा एक कोपरा. त्या कोपऱ्यात केवडा लावायचा हे मी कोल्हापुरात असल्यापासून ठरवून ठेवलं होतं. लहानपणी भाद्रपदात आत्या गावाहून यायची, ती वर्तमानपत्रात गुंडाळलेलं केवड्याचं एक कणीस घेऊन. दीड दिवस ते गणपतीपुढे असायचं आणि विसर्जन झालं की आईच्या ट्रंकेत, शालूच्या घडीत जायचं. तिथे ते पिवळं पडे, मग तपकिरी होई, हात लावला की मोडे. पण मार्गशीर्षात कुणाच्या लग्नाला जायला आईने ट्रंक उघडली, की मागच्या खोलीतल्या माणसालाही कळे. मी गाव पाहिलं ते फार उशिरा. त्याचा वास मात्र मला पाचव्या वर्षापासून ठाऊक होता.

गावी आल्यावर पहिलाच पावसाळा. मृग लागून आठवडा झाला होता. पुळणीच्या कडेला, सुरूच्या बनाच्या अलीकडे, केवड्याची एक दाट जाळी आहे. तिच्या बुडाशी फुटलेला हातभर उंचीचा एक कोंब मी तोडला, पोत्यात गुंडाळला आणि विजयी मुद्रेने घरी आणला. शेजारची काकी पडवीत तांदूळ पाखडत बसली होती. नात्याने ती लांबची चुलती, पण कुंपणाला लागून कुंपण असल्यामुळे जवळची.

“खयचो हाडलंस गो?” तिने विचारलं.

“पुळणीवरचा.”

“वासाचो काय?”

“केवडा म्हटल्यावर वासाचाच असणार ना, काकी!”

ती काही बोलली नाही. सूप मात्र उगीच दोनदा जास्त पाखडलं. इथली माणसं गप्प बसतात तेव्हा त्यांचं बोलून झालेलं असतं, हे कळायला मला आणखी काही वर्षं लागायची होती.

केवडा लावणं तसं सोपं. बुडाशी आलेला कोंब घ्यावा, नाहीतर फांदीचा हातभर तुकडा. फांदी घ्यायची तर जिच्या अंगातून हवेत मुळं सुटायला लागली आहेत अशी पाहून घ्यावी. ती मातीला लवकर धरते. खालची पाती काढून टाकायची, वरची निम्मी छाटायची. खाली मुळं नाहीत आणि वर पानांचा एवढा पसारा, तर उडून जाणारं पाणी भरून कुठून निघणार? कापलेलं तोंड एक-दोन दिवस सावलीत सुकू द्यायचं, नाहीतर ते कुजतं. मग वाळू मिसळलेल्या मातीत वीतभर खोल रोवून शेजारच्या काठीला बांधायचं, म्हणजे वाऱ्याने हलून नवी मुळं तुटत नाहीत. पुढचं पाऊस बघतो. खारा वारा चालतो, रेती चालते, चार दिवस पाणी साचलं तरी चालतं. चालत नाही ती गच्च सावली. फांदी रुजवून लावलेला केवडा चार-सहा वर्षांत फुलावर येतो.

श्रावणात माझ्या कोंबाच्या मधल्या सुरळीतून नवं पातं आलं. त्या दिवशी मी तीन वेळा विहिरीवर गेले. तिसऱ्या वेळी काकीने विचारलं, “पाणी कित्याक? पाऊस पडता तो.”

पुढची पाच वर्षं त्या कोपऱ्यात जे चाललं होतं, ते बघणं ही एक शिकवणीच होती. केवड्याची पाती खोडाभोवती तीन रांगांनी गोल फिरत वर चढतात. शेंड्यावरून खाली पाहिलं तर पिळाचा जिना दिसतो. तो आंब्या-फणसाच्या घराण्यातला नाही. माड, पोफळी, बांबू यांच्या बाजूचा, एकदल. त्याचं खोड दरवर्षी घेराने वाढत नाही. वर पसारा वाढत जातो आणि खाली खोड तेवढंच बारीक राहतं. मग खोडाच्या कमरेतून मुळं निघतात, बोटाएवढी जाड, टोकाला टोपण घातल्यासारखी. ती हवेतून खाली येतात, जमिनीत घुसतात आणि मांडवाला टेकू द्यावेत तशी चहूबाजूंनी झाडाला धरून ठेवतात. पुळणीवर याच मुळांच्या जाळ्यात वाऱ्यावर उडणारी रेती अडकते आणि वाळूचा ढीग जागच्या जागी राहतो.

त्या पाच वर्षांत प्रत्येक येणाऱ्या-जाणाऱ्याने मला नागाची भीती घातली. केवडा लावलास म्हणजे नागाला आवतण, वासाने येतो तो. असं सांगणाऱ्या एकानेही केवड्यात नाग पाहिलेला नव्हता. पाहिला होता तो त्यांच्या आजोबांनी. आता केवड्याखाली ओल असते, सावली असते, म्हणून बेडूक असतात आणि काट्यांमुळे मांजर शिरत नाही म्हणून उंदीरही असतात. साप आला तर तो जेवायला येत असणार. मला पाच वर्षांत एक धामण दिसली. तिला वासाचं काही पडलेलं नव्हतं. पडलेलं असतं तरी उपयोग नव्हता, कारण वास कुठे होता?

सहाव्या पावसाळ्यात, आषाढात, शेंड्यातून फुलोरा वर आला. मी रोज पहाटे जाऊन वाकून नाक लावत होते. फिकट हिरवट पात्यांच्या आत एक गोळा होता, लहान मुलाच्या मुठीएवढा, दाणेदार, हिरवा. वास पावसाचा, मातीचा आणि थोडा शेणखताचा. आठ दिवस मी स्वतःला समजावलं की अजून उमललं नाही. नवव्या दिवशी काकीला हाताला धरून घेऊन आले. तिने लांबूनच पाहिलं.

“ही बायल गो!” ती म्हणाली. “हेका वास खयसून येतलो?”

मालवणीत बायल म्हणजे बाईमाणूस. जे पाच वर्षांपूर्वी सुपाच्या दोन जास्तीच्या फटक्यांत सांगून झालं होतं, ते आता शब्दांत आलं. केवड्यात नर वेगळा, मादी वेगळी. एका झाडावर दोन्ही कधी नसतात. आपण ज्याला केवड्याचं फूल म्हणतो ते नराचं. तेही खरं म्हणजे फूल नव्हे. आतली फुलं अगदी बारीक, पाकळ्या नसलेली, केवळ परागांचे तुरे. ती ज्या पिवळसर पांढऱ्या पात्यांत गुंडाळलेली असतात, त्या पात्यांना तो वास. मादीचा नुसता गोळा. तो पुढे फुगत फुगत अननसाएवढा होतो. माझं पाच वर्षांचं पाणी, खत आणि पहाटेचं वाकणं एका बिनवासाच्या अननसासाठी खर्ची पडलं होतं. काकी जाता जाता म्हणाली, “माझ्याकडसून फाटो ने. तो वासाचो.”

मी लगेच गेले नाही. मला राग आला होता आणि तो कोणावर काढावा हे कळत नव्हतं. पुळणीवरचा कोंब न विचारता मीच तोडला होता. पण सारखं वाटत राहिलं की मला फसवलं ते शब्दाने. मराठीत ‘केवडा’ तो आणि ‘केतकी’ ती. वास असलेला नर ‘तो’ झाला हे शास्त्राला धरून आहे. पण मुलींची नावं ठेवताना आपण केतकी ठेवतो, आणि ठेवताना डोळ्यांपुढे असतं ते सुगंधी, सोनेरी कणीस. म्हणजे नाव बाईचं आणि दरवळ पुरुषाचा. काही जुने लोक लहान, पिवळ्या, जास्त वासाच्या केवड्याला केतकी म्हणतात. काही जण मादीला केतकी म्हणतात. देशावर कुठे कुठे घायपातालाही केकताड म्हणतात आणि कुणी त्यालाच केतकी म्हणून मोकळं होतं. एवढ्या गोंधळात माझ्यासारखीने कोंब तोडताना चुकावं, यात नवल ते काय.

पुराणातल्या गोष्टीतही मला हाच घोळ दिसायला लागला. महादेवाच्या तेजोमय लिंगाचा अंत शोधायला ब्रह्मदेव वर गेला, विष्णू वराह होऊन खाली गेला. विष्णूने हार मानली. ब्रह्मदेवाने मात्र शेंडा पाहिल्याची थाप मारली आणि वरून घरंगळत येणाऱ्या केतकीला साक्षीला उभं केलं. खोट्या साक्षीबद्दल केतकी शंकराच्या पूजेतून कायमची बाद झाली. आपल्याकडे महाशिवरात्रीला तेवढी तिला माफी असते. लहानपणी ही गोष्ट ऐकताना वाटायचं की थाप मारली देवाने आणि शिक्षा झाली फुलाला. आता वाटतं, साक्ष दिली केतकीने आणि पूजेतून हद्दपार झाला तो केवडा. गणपतीच्या 21 पत्रींत केवड्याला जागा आहे आणि गौरीला तर तो हवाच. बापाच्या देवळात बंदी आणि मुलाच्या मखरात मान, असा संसार आपल्या ओळखीचा आहे.

आणखी एक केवडा मला कोल्हापुरात भेटला होता. आमचे शेजारी उसाचे शेतकरी. एके दिवशी ते पडलेल्या चेहऱ्याने वडिलांना म्हणाले, “उसावर केवडा पडलाय.” मला वाटलं, केवढं भाग्य! रात्रभर मी उसाच्या फडातून येणारा वास कल्पनेत घेत होते. सकाळी त्यांच्याबरोबर फडात गेले तर नुसती पिवळी-पांढरी पडलेली पानं. चुनखडीच्या जमिनीत उसाला लोह मिळेनासं होतं आणि पानातला हिरवा रंग जातो. शेतकरी त्याला केवडा म्हणतात, कारण ती फिकट पात केवड्याच्या पात्यासारखी दिसते. हिराकस फवारलं की पानं पुन्हा हिरवी होतात. बाजरीवर, भेंडीवर पडणाऱ्या वेगळ्या रोगांनाही हेच नाव आहे. ज्यांनी केवडा घाटाखालून आलेल्या कागदाच्या गुंडाळीतच पाहिला, त्यांनी त्याचा रंग उचलला आणि वास इथेच ठेवला. बायकांनी त्याचा आकार उचलून सोन्यात घडवला. अंबाड्यात खोवायच्या एका दागिन्याचं नाव केवडाच. पान खाणाऱ्यांनी कातात त्याचा वास मुरवला. ज्याला जे हवं ते त्याने नेलं. मादीकडून मात्र कोणी काही नेलं नाही.

भाद्रपद उलटल्यावर मी काकीकडे गेले. तिचा केवडा न्हाणीच्या मागे आहे, जुना, पसरलेला. त्याच्याकडे पाहून तो किती वेळा फुलला हे थोडंफार वाचता येतं. फुलोरा फांदीच्या अगदी टोकाला येतो, तिथे त्या फांदीची वाढ संपते आणि बाजूचे डोळे फुटून नवे फाटे निघतात. म्हणून जिथे जिथे बेचकं आहे तिथे तिथे एकेकाळी कणीस होतं. काकीने कोयतीने एक फाटा उतरवला. तिच्या हातावर एक रेघ उठली नाही. म्हणाली, “सासूयेन हाडलेलो. शिरोड्यासून, माहेरसून.”

सासूला जाऊन चाळीस वर्षं झाली. तिने आणलेला केवडा मात्र अजून तोच आहे. त्याची नात-पणती नव्हे, तोच. फांदी लावून वाढवलेलं झाड हे नवं झाड नसतंच. जुन्याच झाडाने दुसऱ्या अंगणात पाय ठेवलेला असतो. आमच्या वाडीत अकरा घरांमागे केवडा आहे आणि काकीच्या हिशोबाप्रमाणे त्यातले आठ तिच्या न्हाणीमागून गेलेले. म्हणजे आठ घरांत एकच झाड उभं आहे. शिरोड्याच्या त्या माहेरी ते कुठून आलं? आणखी कुणाच्या तरी माहेराहून. लग्न होऊन जाणाऱ्या मुलीबरोबर एक नर केवडा सासरी जातो, तिथून पुढच्या मुलीबरोबर आणखी पुढे. प्रत्येक घराने विचारलेलं असतं, “वासाचो काय?” आणि खात्री झाल्यावरच खड्डा खणलेला असतो. माझ्या आईच्या ट्रंकेतलं कणीस यातल्याच एखाद्या पावलाचं असेल.

मग मला दिसलं की हे केवळ आमच्या वाडीचं नाही. ओडिशात गंजाम जिल्ह्याचा किनारा केवड्यासाठी प्रसिद्ध आहे. छत्रपूर, चिकिटी या बाजूला शेताच्या बांधांवर मैलोगणती केवड्याच्या रांगा आहेत. पावसाळ्यात पहाटे कणसं उतरवतात आणि उन्हं चढायच्या आत भट्टीवर पोचवतात, कारण उशीर झाला की वास उडतो. तिथे तांब्याच्या डेगेत कणसं आणि पाणी घालून खाली जाळ लावतात. वाफ बांबूच्या नळीतून भपक्यात उतरते. भपक्यात चंदनाचं तेल असेल तर अत्तर होतं, नुसतंच पाणी धरलं तर केवडाजल, जे मिठायांत आणि बिर्याणीत जातं. त्या बांधांवर फांद्या लावायच्या तर त्या नराच्याच. तिथला शेतकरीही काकीचाच प्रश्न विचारणार. माणसाचा हात जिथे जिथे केवड्याला लागला, तिथे तिथे बांधावरून मादी नाहीशी झाली.

शास्त्राने ठेवलेल्या नावातही वासच आहे. पांडॅनस ओडोरिफर, म्हणजे सुवासाचा. हे विशेषण ठेवणारा पेटर फोर्सकोल डेन्मार्कच्या राजाने अरबस्तानात पाठवलेल्या सफरीत होता. 1763 साली तो येमेनमध्ये हिवतापाने वारला. त्याचे सोबती एकेक करून गेले. कार्स्टन नीबूर तेवढा वाचला, मुंबईला येऊन पोचला, वर्षभर तिथे राहिला आणि मायदेशी परतल्यावर 1775 मध्ये त्याने मित्राची टिपणं छापली. त्यात या झाडाचं नाव ‘केउरा ओडोरिफेरा’ असं आहे. त्या केउरात मला आपला केवडा ऐकू येतो. अरबस्तानच्या किनाऱ्यावर, तापाने फणफणलेल्या त्या तरुणालाही पहिल्यांदा नरच भेटला असणार.

आपण सगळे असे, असं म्हणून मी हा विषय मनातून काढून टाकणार होते. तेवढ्यात मार्शल बेटं आणि किरिबाती आडवी आली. प्रशांत महासागरातल्या त्या बुटक्या प्रवाळबेटांवर भात नाही, नाचणी नाही. तिथे केवड्याचा एक सख्खा भाऊबंद उगवतो आणि त्याचं फळ लोक खातात. पिकलेल्या फळाचे गर असलेले तुकडे सुटे करून चोखतात, शिजवतात, लगदा वाळवून लांबच्या होडीप्रवासाला नेतात. कोणाचं फळ गोड, कोणाचं रसाळ, यावरून त्यांनी शेकडो वाण निवडले, त्यांना नावं दिली आणि आपल्यासारख्याच फांद्या लावून ते वाढवले. सगळे मादीचे. तिथल्या एखाद्या काकीला कोणी पोरीने नर आणून दाखवला तर ती सूप तसंच पाखडील. आपल्याच निकोबार बेटांवरही केवड्याच्या कुळातलं मोठं फळ हे पिढ्यान्‌पिढ्यांचं अन्न आहे. ज्यांच्या घरात भाताचं कोठार भरलेलं, त्यांनी वास निवडला. ज्यांच्यापुढे नुसता समुद्र, त्यांनी पोट निवडलं. केवड्याने दोघांनाही नाही म्हटलं नाही.

मग लावताना नर-मादी दोघांनाही न वगळणारा असा कोणी आहे का, हे पाहायला मी पुन्हा पुळणीवर गेले. मार्गशीर्ष होता. माझा कोंब जिथून तोडला त्या जाळीत आता मुद्दाम शोधल्यावर दोन्ही दिसले. नराचे फाटे, त्यांना वाळकी पाती लोंबत होती. मादीचे फाटे, त्यांच्यावर केशरी होत चाललेली फळं होती. जाळीच्या पलीकडे पूर्वी खूप मोठं बन होतं म्हणतात. मग तिथे सुरूची लागवड झाली, पुढे रस्ता आला, रस्त्याला दगडी बांध आला. जे उरलं आहे ते कोणी राखल्यामुळे उरलेलं नाही. भरतीच्या रेषेवर, शिंपल्या आणि चपलांच्या तळव्यांमध्ये, एक लाकडी तुकडा सापडला. वरून टोकदार कंगोरे, खालून झिजून दाढीच्या ब्रशासारखे झालेले धागे. पिकल्यावर फळाचे असे सुटे खंड होतात, एका फळाचे कित्येक. गर गळून जातो आणि आतली धाग्यांची गादी त्याला तरंगत ठेवते. तो आठवडेच्या आठवडे समुद्रात राहतो, खाऱ्या पाण्याने मरत नाही आणि लाट जिथे टाकील तिथे जीव धरायचा प्रयत्न करतो.

हा तुकडा माझ्यासमोरच्या जाळीतला असेल, रेडीचा असेल, गोव्याचा असेल. त्याच्या बुडाशी गाठ बांधून त्याला कोणी सासरी पाठवलेलं नव्हतं. त्याला वासाबद्दल विचारलेलं नव्हतं. आमच्या आठ अंगणांतला केवडा माणसाने लावला म्हणून एकच राहिला. उद्या त्याला एखादी कीड लागली तर आठही घरांत ती एकाच वाटेने शिरेल. पुळणीवरची जाळी समुद्राने लावली आहे. समुद्राने नर-मादी पाहिलं नाही आणि म्हणून पुळण जागच्या जागी आहे, बांध घालणाऱ्याला कळो वा न कळो. मी ज्या बिनवासाच्या झाडावर रुसले होते, त्याच्याशिवाय हा तुकडा नव्हता आणि हा तुकडा नसता तर कधीकाळी, शिरोड्याच्याही आधी, कोणाच्याच न्हाणीमागे पहिला केवडा उगवला नसता.

तुकडा घरी आणला. पाच दिवस गोड्या पाण्यात भिजवला आणि रेती-मातीच्या कुंडीत, टोक वर ठेवून, अर्धा पुरला. काकीच्या फाट्याने तोवर मुळं धरून पाती सोडली होती. त्याच्याकडे बघून मन रमवत होते. कुंडीत एक महिना काही नाही. दोन महिने काही नाही. चैत्रात मी त्या कुंडीत अबोली लावायचा विचार करत होते, तर मातीला भेग पडलेली.

या सगळ्याला आता तीन वर्षं होतील. काकीचा फाटा छातीपर्यंत आला आहे. येत्या एक-दोन पावसाळ्यांत तो फुलेल, वासाचाच असेल, त्यात शंका नाही. बायल केवड्याला गेल्या वर्षी मोठं फळ धरलं होतं. चतुर्थीच्या आदल्या दिवशी माटवी बांधायला घेतली. आमच्याकडे गणपतीच्या डोक्यावर लाकडी चौकट टांगून तिला रानातली फळं, कवंडाळं, आंब्याचे टाळ, नारळाची पेंड बांधतात. मी ते हिरवं, दाणेदार फळ पुढे केलं. भीतभीतच, कारण अशा बाबतीत काकीचा शब्द शेवटचा. तिने ते हातात घेऊन फिरवून पाहिलं, वजन पाहिलं, बोटाने एक दाणा दाबून पाहिला.

“बांध,” ती म्हणाली. “मदीच बांध. दिसता बरां.”

वास नसलेलं ते फळ पाच दिवस गणपतीच्या बरोबर डोक्यावर होतं. खाली मखरात काकीकडचं कणीस होतं. येणारा प्रत्येकजण कणसाचा वास घेऊन झाला की मान वर करून विचारायचा, हे कसलं फळ? केवड्याचं, असं सांगितलं की बहुतेकांचा विश्वास बसत नव्हता. ज्यांच्या घरामागे केवडा आहे, त्यांचासुद्धा.

आणि कुंडी. केवड्याच्या एका खंडात एकच बी असतं असं नाही, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. चैत्रात त्या भेगेतून दोन कोंब आले, एकाच कवचातून, एकमेकांना पाठ लावून. आता ते गुडघ्याएवढे झाले आहेत आणि पाती एकमेकांत अडकून ओरखडायला लागली आहेत. काकी परवा येऊन सांगून गेली की एक काढ, जोमाचा ठेव, दोन्ही ठेवलेस तर दोन्ही किडकिडीत होतील. तिचं बरोबर आहे. रोपवाटिकेतही असंच करतात.

बियांपासून आलेला केवडा फुलायला दहा-पंधरा वर्षं घेतो. तोवर मी सत्तरीला टेकलेली असेन आणि काकीचं काय ते बोलायचं नाही. यातला नर कोणता, मादी कोणती, की दोन्ही एकच, हे पानांवरून, खोडावरून, मुळांवरून सांगता येत नाही. जोम पाहून ठेवावा तर दोघांचा जोम सारखा. काल सकाळी कोयती घेऊन गेले, बाही खाली ओढली आणि घाई न करता कुंडी फोडली. मुळं एकमेकांत गुंतली होती. पाण्याच्या बादलीत बुडवून ती सोडवायला दुपार झाली. एक विहिरीपाशी लावला, बायल केवड्याच्या शेजारी. दुसरा पोत्यात गुंडाळून पुळणीवर नेला आणि भरतीच्या रेषेच्या वर, जिथून नऊ वर्षांपूर्वी मी कोंब तोडला होता, त्या जागी परत लावला.

वाटेत काकीने विचारलं, “खयचो व्हरतंस?”

मी सांगितलं. वासाचा का, असं तिने या वेळी विचारलं नाही.